पाचट पेटतं तेव्हा आम्ही गावात नसतो

रानवारा | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या जुलै ते ऑक्टोबर आम्ही सहा मुली नीरा उजव्या कालव्यावरच्या एका गावात 'रावे'साठी राहत होतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सातव्या सत्रात आम्हाला गावात पाठवतात, एकेका शेतकऱ्याशी जोडून देतात आणि आम्ही तिथे प्रात्यक्षिकं करतो. पेपरात 'कृषीकन्यांनी केले मार्गदर्शन' म्हणून फोटो येतो ना, त्या आम्ही.

मला जोडून दिलेल्या शेतकऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही तात्याच म्हणते. तीन एकर ऊस, एक जर्सी गाय, दोन म्हशी. मुलगा पुण्याला कंपनीत. शेतात तात्या आणि काकी, दोघंच.

सप्टेंबरात आमच्या यादीत 'उसाचे पाचट व्यवस्थापन' आलं. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरणारा वाळका पाला. तेव्हा ऊस उभा होता, पाचट आणणार कुठून? तात्यांना विचारून उसाची खालची वाळलेली पानं काढली, दोन भारे बांधले आणि शाळेच्या मैदानाकडेला एका खड्ड्यात थर लावून दाखवले. वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि शेणकाल्यात मिसळलेलं जिवाणूंचं कल्चर. मागे फ्लेक्स. अठरा जण आले, सह्या झाल्या, अहवालात तीन पानं झाली.

मी बोललेही मनापासून. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पालाश जवळपास एक टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के. म्हणजे हेक्टरी तीन-चार टन कर्ब शेतातच तयार होतो आणि आपण त्याला काडी लावतो. इकडे मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्याच्या आत, शेरा 'कमी'. हे सांगताना माझा आवाज चढला होता, इतकं ते मला पटलेलं होतं. आजही पटतं.

जानेवारीत एकदा रात्रीच्या एसटीने त्याच रस्त्याने येत होते. दोन्ही बाजूंना फडच्या फड पेटलेले. काचा बंद होत्या तरी गाडीत धूर. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पदर नाकाला लावला आणि नातवाचं तोंड कुशीत घेतलं. मी खिडकीतून मोजत होते. सात मोजले आणि सोडून दिलं.

पुढच्या रविवारी गावात उतरले. तात्यांचं अडीच एकर रान काळं पडलेलं. राख पायाखाली भुसभुशीत लागत होती. बांधावरचा कडुलिंब एका अंगाने करपला होता, त्याच कडुलिंबाखाली बसून आम्ही चार महिने डबा खाल्ला होता. तात्या माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "पोरी, काडी मी लावली नाही. शेजारच्यानं लावली ती आली. पण खरं सांगतो, आली तेव्हा मी विझवायला पळालो नाही."

का, ते त्यांनी सांगितलं. पाण्याची पाळी चार दिवसांवर होती. पाचट सरीत ओढायला माणूस मिळत नव्हतं, मिळालं तर मजुरी परवडत नव्हती. बुडखे, म्हणजे तोडलेल्या उसाचे जमिनीत उरलेले बुंधे, तासायचे होते; त्यांतूनच पुढचा ऊस फुटतो. काकींचे गुडघे गेलेत. "तू सांगितलंस ते खोटं नव्हतं. पण तू सांगितलंस सप्टेंबरात, आणि काम निघालं जानेवारीत. तेव्हा तू कुठं होतीस?"

मी परीक्षेच्या तयारीत होते.

पलीकडची वीस गुंठे तुटायची राहिली होती. तात्यांना म्हटलं, ती जाळू नका, आम्ही येतो. २० जानेवारीला टोळीने ती तोडली आणि शनिवार-रविवार आम्ही तिघी गेलो. हे दोन दिवस मला चार वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेले, पण त्याबद्दल उद्या लिहिते. आज फक्त विचारायचं आहे: बाकीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे रावेचा काळ आणि शेतातल्या कामाचा काळ जुळतो का? आणि ऊस करणाऱ्यांनो, पाचट ठेवायला नेमकं काय अडतं?

मोगरा | ३ फेब्रुवारी, रात्री ११:०२

"तेव्हा तू कुठं होतीस" इथे थांबले. उद्याची वाट बघते.

भैरू_पाटील | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मी पाचट जाळतो. उघड सांगतो. तीस वर्षं ऊस करतोय. जाळलं की रान मोकळं होतं, पाणी सरळ जातं, उंदीर मरतात, फुटवा एकसारखा येतो. पाचट ठेवलं की सरीत पाणी पुढं सरकत नाही. वर बैल नाही, मजूर नाही. ताईंनी प्रामाणिक लिहिलं म्हणून मीही लिहिलं. माझं चुकत असेल तर दाखवा, पण करून बघितलेल्यानं दाखवा.

कृष्णाकाठ | ४ फेब्रुवारी, दुपारी १:४५

भैरूअण्णा, मी वाळव्याकडचा. माझ्या आजोबांनी जाळलं, वडिलांनी जाळलं, मीही जाळलं. नंतर आमच्या खालच्या पट्ट्यात जमीन पांढरी पडायला लागली. उन्हाळ्यात वर मिठासारखा थर, पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. क्षारपड. पाणी मोकाट आणि पोटात सेंद्रिय काही नाही, दोन्ही मिळून जमीन गेली. शिरोळकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा काढून अशा जमिनी परत पिकात आल्यात, मी जाऊन बघून आलोय. पण तो खर्च ज्याला झेपतो त्याला. त्यानंतर वरच्या पट्ट्यात मी पाचट जाळायचं सोडलं.

फुटव्याचं सांगतो. एकसारखा फुटवा जाळामुळे येत नाही, बुडखा जमिनीलगत तासल्यामुळे येतो. बुडखा वर राहिला की वरच्या कांडीचे डोळे फुटतात, ते कमजोर निघतात आणि वाऱ्यात पडतात. जाळ लावल्यावर बुडखे उघडे दिसतात, म्हणून माणूस तासतो. पाचट असलं की दिसत नाहीत, म्हणून राहून जातात. मग नाव पाचटाचं खराब होतं.

उंदराचं मात्र तुमचं काही अंशी खरं आहे. पाचटात उंदीर राहतो. आमच्याकडे साप, मुंगूस, घुबडही राहतं, पण पहिल्या वर्षी उंदरानं मला त्रास दिला, हे नाकारत नाही.

रानवारा | ४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

कृष्णाकाठ दादा, बुडख्याचं तुम्ही लिहिलं तेच आमच्या हातून शिकणं झालं.

शनिवारी सकाळी थंडी होती, पाचट दवाने ओलं. वाटलं होतं तिघी मिळून दुपारपर्यंत आवरू. पाचटाच्या कडा करवतीसारख्या असतात हे पुस्तकात नव्हतं. पहिल्या दोन सऱ्यांत मनगटांवर रेघा उमटल्या. मग काकींनी जुन्या साडीच्या पट्ट्या फाडून कोपरापर्यंत बांधून दिल्या.

काम असं. बुडख्यावरचं पाचट बाजूला ओढून सरीत बसवायचं. बुडखा उघडा झाला की धारदार कोयत्याने जमिनीलगत तासायचा, वर बुरशीनाशक फवारायचं. पाचटावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायचं, जिवाणू शिंपडायचे आणि पाणी द्यायचं. राहुरी विद्यापीठाची शिफारस एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू अशी आहे. वीस गुंठ्यांत दोन टनांच्या आत पाचट धरलं, म्हणून १६ किलो युरिया, २० किलो सुपर, २ किलो जिवाणू.

युरिया का, हा प्रश्न काकींनी विचारला. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडा. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतोच. तो आपण दिला नाही तर ते जमिनीतून ओढतात आणि पीक पिवळं दिसतं. काकी म्हणाल्या, "म्हणजे कामाला आलेल्यांना आधी जेवायला घालायचं." पुढच्या वर्षी कुणाला शिकवायची वेळ आली तर मी हेच वाक्य वापरणार.

रविवारी संध्याकाळपर्यंत वीस गुंठे झाली. तिघी विशीतल्या मुली, काकी आणि मधूनमधून तात्या. तीन एकराला अशीच माणसं लावली तर किती दिवस लागतील, हा हिशोब मी परत येताना एसटीत केला आणि शाळेच्या मैदानावरचं माझं भाषण आठवून गप्प बसले. भैरूकाका, तुमचं चुकत नाही असं मी म्हणणार नाही. पण सप्टेंबरात मी तुम्हाला जे सांगितलं असतं ते अर्धंच सांगितलं असतं, एवढं आज कळतं.

गोदातीर | ४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

मी परभणीचा, तिसऱ्या वर्षाला. माझा भाऊ मागच्या वर्षी रावेला होता. त्यांच्या यादीतलं पहिलं प्रात्यक्षिक बीजप्रक्रिया. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम, पीएसबी ही जिवाणू खतं. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम. चांगली, स्वस्त गोष्ट. फक्त ते गावात पोचले जुलैच्या मध्यात. सोयाबीन तेव्हा वितीच्या वर आलं होतं. मग कुणाच्या तरी घरातलं खायला ठेवलेलं सोयाबीन घेऊन, ताडपत्रीवर पसरून बीजप्रक्रिया दाखवली. शेतकरी समोर बसले, चहा झाला. एक म्हातारे उठताना म्हणाले, "पुढल्या साली पेरायच्या आधी या."

म्हणून मागच्या मे महिन्यात मी माझ्याच गावात, कुणी न सांगता, उगवण तपासणी केली. गोणपाट ओलं करायचं, त्यावर शंभर दाणे ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, आठवड्याने मोजायचं. सत्तरच्या वर उगवले तर शिफारशीप्रमाणे बियाणं, कमी उगवले तर तेवढं बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर ते पेरायचंच नाही. एकवीस घरांची गोणपाटं आमच्या ओसरीवर होती. आईने प्रत्येकावर कोळशाने नाव लिहिलं. दोन घरांचं बियाणं पन्नाशीच्याही आत निघालं. त्यांनी बदललं. दुबार पेरणी म्हणजे काय असतं ते आमच्या भागात कुणाला सांगायला लागत नाही.

यात मला कुणी गुण दिले नाहीत. पण मे महिना होता, म्हणून ते कामाला आलं.

कोयत्याची_लेक | ५ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

ताई, तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ आहे: "टोळीने ती तोडली." त्या टोळीतलं कुणीतरी मी असू शकले असते. माझे आईवडील बीड जिल्ह्यातले, दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. मी चौथीपर्यंत त्यांच्याबरोबर फडावर होते, मग आजीकडे राहून शिकले. आता कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात पाचटावर तास झाला तेव्हा पाचट हातात धरलेली मी एकटी नसेन, पण त्यात झोपलेली बहुतेक एकटीच असेन. कोपीच्या, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीच्या, तळाशी पाचट अंथरायचं, वर पोतं, वर आम्ही.

जाळण्याबद्दल तुम्ही शेतकऱ्याचं लिहिलं. तोडणाऱ्याचं मी लिहिते. जाळ दोन प्रकारचा असतो. एक, ऊस तुटल्यावर पाचटाला लावतात तो. दुसरा, उभ्या उसालाच लावतात, जळीत ऊस. जळीत उसाला कारखान्यात कपात होते, म्हणून शेतकऱ्याला तो नको असतो. पण मजूर कमी असले की आणि लांबलेला फड उरकायचा असला की लावतात. त्यात तोडणी लवकर होते, पाला सोलावा लागत नाही, हात कापत नाहीत. पण काजळी अंगात जाते. आई संध्याकाळी थुंकायची ते काळं असायचं. आणि जळीत उसाचं वाढं मिळत नाही. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. आमच्या बैलांचा चारा तोच, आणि उरलेलं विकून मीठ-मिरची यायची. जाळ लावला की तेही गेलं.

हिरवा ऊस तोडायचा तर आई दिवसभर पाला सोलते, तो पाला शेतात पडतो आणि त्याला आपण पुस्तकात 'हेक्टरी आठ ते दहा टन सेंद्रिय पदार्थ' म्हणतो. तो सोलायची वेगळी मजुरी तिला मिळत नाही, मोळी टनावर मोजतात. माझ्या मनात एक गोष्ट बरेच दिवस आहे. टोळी रानात असतानाच पाला सरीत टाकत जावा आणि बुडखा खालून तासावा, याचे टनामागे थोडे पैसे वेगळे ठरवले तर? खाली वाकलेलं माणूस तेव्हा तिथेच असतं. शेतकऱ्याला नंतर मजूर शोधावा लागणार नाही. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे, फिटायलाही तेवढीच मदत. मी हे आमच्या सरांना बोलले. ते म्हणाले, प्रकल्पात लिही. मी लिहीन. पण त्याआधी मुकादम, शेतकरी आणि माझी आई, तिघांना एका जागी बसवून विचारायचं आहे.

मोगरा | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

कोयत्याची_लेक, पाचटावर इतकं वाचलं पण पाला कोण सोलतं हे आजवर मनात आलं नव्हतं. तुझ्या आईला नमस्कार सांग.

जुन्नरकर | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, जुन्नर तालुक्यातला. पाचट आणि जाळाच्या गोष्टीत आमच्याकडची एक भर घालतो.

आमच्याकडे ऊस म्हणजे बिबट्याचं घर. मादी उसात पिलं घालते, कारण सावली, पाणी, आडोसा सगळं आहे आणि वर्षभर कुणी आत शिरत नाही. थंडीत तोडणी सुरू झाली की पिलं सापडतात. मांजराएवढी असतात, डोळे नुकते उघडलेले. आता लोकांना ठाऊक झालंय की हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं. माणिकडोहच्या बिबट निवारण केंद्रातले डॉक्टर येऊन तपासतात आणि संध्याकाळी पिलं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. रात्री मादी येते, एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. मी एकदा लांबच्या माळवदावर बसून ते पाहिलं आहे. दोन पिलं होती. दुसऱ्यासाठी ती परत यायला पाऊण तास लागला, तेवढा वेळ माळवदावरचं कुणी हललं नाही.

उभ्या फडाला चारी बाजूंनी आग लावली तर हे काही उरत नाही. तोडणी एका बाजूने, हळूहळू केली तर आतल्या प्राण्याला निघायला वाट राहते. हे मी बिबट्यावरच्या प्रेमापोटी एकट्याने सांगत नाही. आमच्या वस्तीत माणसं गेली आहेत, शेळ्या तर नेहमीच्याच. पिलं जळालेली किंवा हरवलेली मादी त्या शिवारात आठ-आठ दिवस पिसाळल्यागत फिरते आणि तेव्हाच माणसाला धोका जास्त. वस्तीवरच्या आज्या हे कुणी न शिकवता सांगतात.

लाल_माती | ५ फेब्रुवारी, रात्री ८:०५

दापोलीहून. आमच्याकडे ऊस नाही, पण जाळ आहे: राब. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडायच्या, पालापाचोळा, शेण पसरायचं आणि भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजायची. तण मरतं, रोप जोमाचं येतं म्हणतात. त्यासाठी ऐन, किंजळाची झाडं दरवर्षी बोडकी होतात. पर्याय आहेत. चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत घालतात, भाताचे अवशेष शेतात परत देतात. नेरळकडून आलेल्या सगुणा भात तंत्रात नांगरट नाही, गादीवाफे एकदा करायचे आणि पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. त्यातल्या तणनाशकावरून आमच्या वर्गात दोन तट आहेत, मी स्वतः ते वापरायच्या विरोधात आहे. पण कापलेल्या भाताचं मूळ उकरून पाहिलं तेव्हा शेजारी गांडुळाची वाट होती, हे मात्र डोळ्यांनी बघितलं.

पाटकरी | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

कालव्याच्या पाळीवर आयुष्य गेलं म्हणून पाण्याचं सांगतो. पाचटातून पहिलं पाणी हळू जातं, यात दुमत नाही. पाळी तासांची असते, शेताची नसते. शेजाऱ्याचा पाळीचा तास सुरू झाला की दार बंद. त्यामुळे शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात आणि शेतकरी म्हणतो पाचट नको.

यावर आमच्या भागात एकआड एक सरी पाचट भरतात. मोकळ्या सरीतून पाणी, भरलेल्या सरीत कुजण. पहिल्या पाण्याची अडचण निघून जाते. पुढे दोन पाण्यांतलं अंतर वाढवता येतं, कारण झाकलेली जमीन उन्हात लवकर वाळत नाही. कालवा उन्हाळ्यात लांबला की खरा फरक तेव्हा दिसतो. रानवारा, तुम्ही सगळ्या सऱ्या भरल्या का?

रानवारा | ६ फेब्रुवारी, दुपारी २:००

सगळ्या भरल्या. चूक झाली. शेजारच्या जळालेल्या तुकड्याला दोन तासांत पाणी पोचलं, आमच्या वीस गुंठ्यांना पाच तास लागूनही शेवटच्या चार सऱ्या कोरड्या राहिल्या. तात्या काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी विहिरीवरून पाइप ओढून त्या भिजवल्या. एकआड एक सरीचं आधी कळलं असतं तर! पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून इथेच आहे, आमच्या गावाहून एसटीने तासाच्या आत. चार महिन्यांत आम्ही तिथे एकदा सहलीसारखे जाऊन आलो. प्रश्न घेऊन गेलोच नाही, कारण प्रश्न पडायचा हंगाम आलेला नव्हता.

जुना_विस्तारवाला | ६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मी कृषी विस्तार शिकवलं आहे, आता निवृत्त. मुलांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यातला दोष आमच्या पिढीचा आहे. कार्यक्रम खरिपाशी बांधला गेला तो सत्राच्या सोयीने. शैक्षणिक वर्ष उशिरा सुरू झालं की पेरणी हुकते आणि ऊस पट्ट्यातला गळीत हंगाम तर त्यात येतच नाही.

एक सुचवतो. शेवटच्या सत्रात अनुभवाधारित शिक्षणाचं काम असतं. ऊस पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी ते पुष्कळदा अळिंबी, रोपवाटिका, दूधप्रक्रिया यांत घालवण्याऐवजी आधीच्या सत्रात ज्या गावात राहिले त्याच गावात खोडव्याचे, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचे, तुकडे धरायला हरकत नाही. जानेवारी ते मे. त्याच शेतकऱ्याबरोबर, त्याच रानात. माझ्या हाती अधिकार असताना मी हे केलं नाही, याची मला खंत आहे. रानवारा, तुझ्या वीस गुंठ्यांची नोंद ठेव. तारीख, मजूर, तास, खर्च, सगळं. चुकलेलं आधी लिही. मी ते वाचायला तयार आहे आणि जिथे द्यायचं तिथे स्वतः नेऊन देईन.

भैरू_पाटील | ७ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

एकआड एक सरी मला पटतं. माझी दहा गुंठे अजून तुटायची आहेत. बघतो.

रानवारा | १४ एप्रिल, रात्री ९:००

बरेच दिवसांनी आले. सरांनी सांगितलं तसं चुकलेलं आधी लिहिते.

सहाव्या सातव्या सरीत नांग्या पडल्या, म्हणजे मधल्या जागा रिकाम्या राहिल्या. तिथे संध्याकाळच्या घाईत पाचट बुडख्यांवरच राहिलं होतं, थंडीत ऊन लागलं नाही, डोळे फुटलेच नाहीत. मार्चमध्ये रोपं आणून सांधल्या. उंदरानेही एका कोपऱ्यात नुकसान केलं. आणि मार्चच्या सुरुवातीला शेजारचा जळालेला तुकडा आमच्यापेक्षा हिरवागार होता. येणारा-जाणारा तात्यांना थांबवून ते दाखवायचा. तात्यांनी मला फोनवर विचारलं, "काय करू?" मी म्हटलं, थांबूया. खात्री माझीही डळमळली होती.

काल गेले होते. दुपारी दीड वाजता जळालेल्या तुकड्यातली पानं सुरळी करून उभी होती. आमची उघडी होती. दोन्हीकडे शेवटचं पाणी एकाच दिवशी दिलेलं. तात्या खाली बसले, पाचट बाजूला केलं. वरचं अजून पिवळं, खडबडीत. बोटभर खाली तपकिरी, हाताने मोडणारं. त्याखाली पांढऱ्या बुरशीचे धागे आणि ओली माती. त्यांनी मूठ भरून माती काकींच्या हातात दिली. काकींनी ती नाकाला लावली आणि म्हणाल्या, "उकिरड्याच्या तळची आहे ही." आमच्याकडे चांगल्या खतासाठी यापुढची स्तुती नाही.

उत्पादन किती येईल ते पुढच्या तोडणीला कळेल. तोवर मी काही दावा करणार नाही.

कोयत्याची_लेक आणि मी फोनवर बोलतो. टनामागे वेगळ्या पैशांचं तिने तात्यांना स्वतः विचारलं. तात्यांनी आकडा सांगितला, तिच्या आईने वेगळा सांगितला. दोन्ही वहीत लिहून ठेवलेत.

भैरू_पाटील | १५ एप्रिल, सकाळी ६:३०

माझ्या दहा गुंठ्यांना एकआड सरीनं पाणी पोचलं. उंदीर आहेत. बाकी ठीक. घुबडासाठी कोपऱ्यावर काठी रोवली आहे, कृष्णाकाठ म्हणाले म्हणून.

रानवारा | १५ एप्रिल, सकाळी ८:१०

भैरूकाका, तुमच्या दहा गुंठ्यांचा फोटो टाका ना. तात्यांना दाखवते.

पाचटावर खत पसरून चालत नाही, पहारीने भोक पाडून द्यावं लागतं. बुडख्यापासून वीतभर लांब, वीतभर खोल, फुटाफुटावर. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत एका बाजूने दिला. दुसरा १३५ दिवसांनी, सरीच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा माझी परीक्षा संपलेली असेल. तात्यांकडे दोन पहारी आहेत, तिघी जाणार आहोत. त्या भागातलं कुणी येणार असेल तर तिसरी पहार घेऊन या.